सिंहाच्या तोंडाच्या रिंगा

या धंद्यात प्रत्येक वस्तूमागे एक मेलेला म्हातारा असतो. रोमन अंगठी असो, ग्रीक मातीची बाई असो, नाहीतर संगमरवरी पुतळ्याचा तुटका अंगठा असो, विकणारा माणूस वस्तूच्या आधी म्हातारा दाखवतो. हा म्हातारा कधीकाळी भूमध्य समुद्राच्या काठच्या एखाद्या देशात नोकरीला होता, त्याला जुन्या वस्तूंचा नाद होता, सगळं त्याने रीतसर विकत घेतलं होतं आणि आता बिचारा नाही. मेलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. मी वीसेक वर्षं या नादात आहे आणि त्यातल्या एकाही म्हाताऱ्यावर माझा विश्वास बसलेला नाही.

मुळात माझा विश्वास कशावरच लवकर बसत नाही. माझा जन्म निपाणीजवळचा, सोनाराच्या घरातला. सोनार सख्ख्या आईच्या दागिन्यातलंही सोनं काढतो असं लोक आमच्याबद्दल म्हणतात, आणि आमच्या तोंडावर म्हणतात. त्यामुळे संशय म्हणजे काय ते मला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. वडिलांच्या दुकानात बसायचं नव्हतं म्हणून मी धातुशास्त्राचा डिप्लोमा केला, बंगळुरात आलो आणि पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात चिकटलो. आम्ही मेणाच्या नमुन्यांवरून पोलादाचे बारीक भाग ओततो आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून नापास करतो. पास करण्यासाठीही मला पगार मिळतो, हे मी अधूनमधून विसरतो. बायको म्हणते, "तुम्ही वरणसुद्धा भिंगातून बघून जेवतासा की."

पहिली रोमन अंगठी मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवली होती. काशाची, छान हिरवट, सोबत कुठल्यातरी डोंगराळ देशातला दिवंगत डॉक्टर. दुपारच्या सुट्टीत ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर आत ओळखीची मंडळी बसलेली. ओतताना हवा अडकली की पडणारे ते बारीक गोल खड्डे मी रोज शेकड्यांनी बघतो. हिरवा रंगही तसाच, वरून लावलेला. मी स्वतःवर इतका चिडलो की दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, म्हणतात ते खरं. त्यानंतर मी फुंकूनच पीत आलो. जुन्या लिलावाची छापील यादी, देशाबाहेर काढल्याचा परवाना, कस्टमचे कागद, एवढं सगळं जुळलं तरच वस्तू घ्यायची. अशाने संग्रह वाढत नाही. माझा सगळा संग्रह कपाटाच्या एका खणात मावतो. काही अंगठ्या, दोन काशाच्या पिना, काजळी धरलेले मातीचे दिवे, संगमरवरी मुलाचा दोन बोटं उरलेला हात. अधूनमधून एखादी वस्तू विकतो, एखादी घेतो, आणि दुसऱ्यांच्या वस्तू तपासून देतो. म्हणून मला कोणी व्यापारी म्हटलं तर नाही म्हणता येत नाही.

खरा व्यापारी वेगळाच. कमर्शियल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. दर्शनी भागात पितळी समया आणि तंजावरची चित्रं, आतल्या खोलीत परदेशी माल. माझी त्याची ओळख जुनी आहे, मैत्री नाही. त्याला माझा सूक्ष्मदर्शक लागतो आणि मला त्याच्या आतल्या खोलीत डोकावायला आवडतं. एकमेकांवर आमचा काडीचा विश्वास नाही, त्यामुळे आजवर भांडण झालेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी गणपतीत इथल्या एका मराठी मंडळाने मला माझ्या वस्तू मांडून अर्धा तास बोलायला बोलावलं होतं. मी अंगठ्या दाखवल्या, ती पहिली फसवी अंगठी दाखवली, लोक हसले. कार्यक्रम संपल्यावर एक बाई थांबून राहिल्या. सत्तरीच्या आसपास, मूळच्या पुण्याच्या, चार वर्षांपासून मुलीकडे एचएसआर लेआउटमध्ये. मी त्यांना काकू म्हणू लागलो, त्या मला आजही 'अहो'च म्हणतात. गर्दी पांगल्यावर त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे कानातल्या रिंगा आहेत, सोन्याच्या, टोकाला सिंहाचं तोंड असलेल्या. यजमान लिबियात पाण्याच्या मोठ्या नळांच्या कामावर इंजिनीअर होते, तिथल्या बाजारातून त्यांनी आणल्या.

"यजमान आता?" मी विचारलं.

"आठ वर्षं झाली जाऊन."

आला, म्हटलं, म्हातारा आला. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की या बाईला त्या गल्लीतल्या व्यापाऱ्याने पाठवलं आहे. भारतातल्या संग्राहकाला भारतातलाच म्हातारा, तोही मराठी, म्हणजे पानात आणून वाढल्यासारखं. मी मुद्दाम तुटकपणे विचारलं की किती अपेक्षा आहे. त्या गोंधळल्या आणि मग जे बोलल्या ते मी या धंद्यात तोवर कोणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला विकायच्या नाहीत हो. त्या जुन्या नाहीत, एवढंच मला कोणीतरी सांगायला हवंय."

गोष्ट अशी होती. त्यांच्या मुलीने फोनवर एक बातमी वाचली होती. कुठल्यातरी देशातल्या संग्रहालयाने लिबियातल्या थडग्यांमधून चोरीला गेलेले दागिने परत पाठवले होते, आणि फोटोत सिंहाच्या तोंडाच्या रिंगा होत्या. मुलीने हसत हसत आईला दाखवलं, आई, बाबांच्या रिंगा बघ. मुलगी विसरून गेली. आईने रिंगा कानातून काढल्या आणि परत घातल्या नाहीत. यजमान असे होते की ऑफिसची पेन्सिल कधी घरी आणली नाही, आलेली पाकिटं उलटी करून त्यावर वाणसामानाची यादी लिहायचे. त्या माणसाने थडग्यातलं सोनं आणून बायकोच्या कानात घातलं असेल का, या एकाच प्रश्नाने त्यांची झोप गेली होती. रिंगा नव्या असतील तर नवरा खरं बोलला. जुन्या असतील तर तीस वर्षं त्या हळदीकुंकवाला चोरीचं सोनं घालून मिरवल्या.

मला त्यांचं पटलं का? नाही. जुनं आहे म्हणून गळ्यात मारणारे मी खूप बघितले होते. जुनं नाही असं सांगा म्हणून विनवणारी बाई मला जास्तच सावध करून गेली. मी म्हटलं, बघू कधीतरी.

नवरात्रात काकूंच्या मुलीचा फोन आला. ती एचएसआरमधल्याच एका स्टार्टअपमध्ये होती, बोलताना मागे दुसरी मीटिंग चालू असावी. "काका, आई अजिबात झोपत नाहीये. प्लीज एकदा येऊन बघा आणि हे क्लिअर करून टाका ना." मी गेलो, ते खरं सांगायचं तर उत्सुकतेनं गेलो. संशयी माणसाला उत्सुकता फार असते.

घरात इकडच्या दसऱ्याच्या रीतीने पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या कन्नड शेजारणीने काकूंना हा नाद लावला होता. चन्नपट्टणची लाकडी राजाराणी, मातीचा वाणी, लग्नाची वरात, आणि वरून दुसऱ्या पायरीवर एक वीतभर उंचीची, अंगभर वस्त्र लपेटलेली भाजक्या मातीची बाई. हीसुद्धा लिबियाचीच. तिच्या कपाळाला काकूंनी कुंकू लावलं होतं. मी ती उचलली आणि दोन मिनिटांत मला बरं वाटलं. पाठीवरची साच्याची रेघ पात्याने खरवडून काढलेली, पाठीच्या भोकातून दिसणारी आतली माती सगळीकडे सारखीच जाड, आणि घड्यांमधली शतकानुशतकांची धूळ ओल्या बोटाने पुसली की बोटाला चहाचा वास. अशा बायका तिकडे प्रवाशांना विकायला करतात. मी खिडकीपाशी बसून काकूंना सगळं दाखवलं, रेघ कुठे, भोक कुठे, धूळ कशी चिकटवतात. बोलता बोलता रंगात आलो. मुलगी दोनदा डोकावून गेली. काकूंनी पोहे केले होते ते गार झाले. मग मी उत्साहात म्हणालो की बाहुली अशी आहे तर रिंगाही तशाच असणार, काळजी सोडा. काकूंनी एक मोठा श्वास सोडला आणि रिंगांची डबी आणली.

डबी उघडली आणि मी बोलायचा थांबलो. अंगठ्याएवढी कडी, तारा पिळून केलेली, एकीकडे निमुळती होत गेलेली, दुसरीकडे उघड्या जबड्याचा सिंह. आयाळ बारीक तारेची. नुसत्या डोळ्यांनी काही ठरवायचं नाही हा माझा नियम, म्हणून मी म्हटलं की कारखान्यात नेऊन बघायला लागेल. त्यावर काकू म्हणाल्या की त्या बरोबर येतील. पीण्या म्हणजे शहराचं दुसरं टोक, मी परोपरीनं सांगून बघितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सोनं एकटं पाठवू नये असं सासूबाई सांगायच्या, राग मानू नका. मला राग आला. मग लगेच ओळखीचंही वाटलं. आमच्या दुकानात बायका अशाच यायच्या. पाटली मोडायची असली की पदर खोचून वडिलांसमोर बसायच्या, मूस शेगडीत गेल्यापासून लगड थंड होईपर्यंत उठायच्या नाहीत. आई चहा द्यायची, त्या तो न बघता प्यायच्या.

निघताना काकूंनी पावती दाखवली. बाजारातल्या दुकानाची, जपून ठेवलेली, पिवळी पडलेली. यजमान म्हणाले होते, ही रिंगांची पावती. अक्षरं सगळी अरबी. मी तिचा फोनवर फोटो काढला.

कारखान्यात आमच्या स्टोअरमध्ये एकजण बंगळुरातल्याच शिवाजीनगरचा आहे, लहानपणी मदरशात शिकलेला, नंतर काही वर्षं आखातात राहून आलेला. दुसऱ्या दिवशी त्याला फोटो दाखवला. त्याने चष्मा वर केला, वाचलं आणि विचारलं, "सर, सूट सिलवाया क्या आपने?" पावती शिंप्याची होती. कोट एक, पँट दोन.

म्हणजे पेन्सिल न आणणारा माणूस बायकोशी खोटं बोलला होता, आणि ते खोटं टिकावं म्हणून तिला वाचता न येणारा कागद देऊन गेला होता. पण का? बाजारातल्या नव्या रिंगा असतील तर खरी पावती दाखवायला काय अडचण होती? हरवली असेल, हेही शक्य होतं. मी त्या माणसाच्या बाजूने जेवढ्या शक्यता काढता येतील तेवढ्या काढल्या आणि एकही मला पटली नाही.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या व्यापाऱ्याचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, लिबियाचं काहीतरी तुमच्याकडे आलंय म्हणे. त्याला कसं कळलं ते आजही मला माहीत नाही. मंडळात कोणीतरी ऐकलं असेल, किंवा मीच कुठे बोलून गेलो असेन. मी कानावर हात ठेवले. तो हसला. "मेलेला इंजिनीअर आहे, बायको आहे, पावती आहे. अजून काय पाहिजे? राहिलेले कागद मी करतो." मी फोन ठेवला. काकूंवरचा माझा पहिला संशय त्या दिवशी फिटला. त्याने पाठवलेली बाई असती तर त्याने मला विचारलं नसतं.

शनिवारी दुपारी पाळी सुटल्यावर काकू कारखान्यात आल्या. मुलीने टॅक्सी करून दिली होती. यंत्रं बंद, मशीनशॉपमध्ये तेलाचा वास, तपासणीच्या खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी स्टूल ओढून टेबलाच्या पलीकडे, बरोबर माझ्यासमोर ठेवलं आणि बसल्या. मी डबीतून एक रिंग घेतली आणि भिंगाखाली ठेवली.

तारेवरून कळतं. आजची सोन्याची तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून काढतात, तिच्यावर लांबीच्या दिशेने सरळ ओरखडे असतात. त्या काळी ही पट्टी नव्हती. सोन्याचा पत्रा चिरून त्याची पट्टी पिळायचे, मग ती पाटावर लाटायचे, त्यामुळे तारेभोवती एक शिवण मळसूत्रासारखी फिरत जाते. नकली माल करणारे आयाळीतला एकेक केस असा पिळत बसत नाहीत. मी आयाळीतली एक तार धरली. शिवण होती. दुसरी धरली. होती. सिंहाच्या गालावर, सोन्यात रुतलेला, राखाडी, टणक असा एक ठिपका होता. नदीच्या वाळूतलं जुनं सोनं नीट शुद्ध करता येत नसे तेव्हा असे कण आत राहायचे. आजच्या सोन्यात सापडत नाहीत. जबड्याच्या आत, जिथे तीस वर्षांच्या हळदीकुंकवाचा हात पोचला नव्हता, तिथे तांबूस माती होती.

मला अतोनात आनंद झाला. तो आनंद मी नाकारणार नाही. आयुष्यभर नापास करत आलेल्या माणसासमोर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोनाराचं काम पास होऊन पडलं होतं, आणि ते काम माझ्या वडिलांच्या हाताला लाजवील असं होतं. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. बाजारातून घेतलेल्या रिंगांच्या जबड्यात माती राहत नाही, दुकानदार विकायच्या आधी धुतो. यजमान होते तिथे नळांसाठी चर खणले जात होते. चरात काहीतरी लागलं, ते कोणीतरी उचललं, आणि उचलणारा एकतर तो इंजिनीअर स्वतः होता किंवा त्याच्याकडे ते घेऊन येणारा मजूर. सत्य यापेक्षा वेगळं असेल तर ते सांगायला माणूस उरला नव्हता. उरली होती शिंप्याची पावती.

मी भिंगातून डोळे काढत नव्हतो कारण समोर काकू होत्या.

माझं कर्तव्य मला माहीत होतं. सरकारी पुरातत्त्व खात्याला कळवायचं, त्यांच्याकडून त्या देशाच्या वकिलातीला. चौकशी झाली असती, लोक घरी आले असते, कागदावर यजमानांचं नाव लागलं असतं. कदाचित काहीच वाईट झालं नसतं, पण काकूंना जे ऐकायचं नव्हतं ते ऐकावं लागलं असतं. समोरचा माणूस खोटं का बोलतो हे विचारायची मला सवय. त्या दुपारी तो प्रश्न मी स्वतःला विचारला. बाईला सोनं हलकं आहे म्हणून सांगायचं आणि मागाहून आपणच घ्यायचं, ही सोनाराची सर्वात जुनी लबाडी. मला त्या रिंगा हव्याहव्याशा वाटत होत्या, यात शंका नाही. म्हणून मी तिथल्या तिथे ठरवलं की विकत घ्यायचं नाव काढायचं नाही, आज नाही आणि कधीच नाही. मग खोटं बोलायला मला मोकळीक मिळाली असं वाटलं.

"नव्याच आहेत, काकू," मी म्हणालो. "चाळीस-पन्नास वर्षांचं काम असेल."

"म्हणजे यांनी बाजारातून घेतल्या, तेच."

"हो. पावतीही दुकानाचीच आहे."

हे शेवटचं वाक्य खरं होतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. काकू कन्नडमध्ये "सरी" म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि त्यांनी रिंगा डबीत ठेवल्या, डबी पर्समध्ये, पर्स पोटाशी. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली की तुम्ही पहिल्यांदाच कोणाचं तरी भलं केलासा, आता त्यावर झोप घालवू नका. मी मनात असं धरलं होतं की रिंगा लॉकरमध्ये सुरक्षित राहतील, काकू आणखी काही वर्षं शांत राहतील, आणि पुढे कधीतरी, त्यांच्या माघारी, मुलीला विश्वासात घेऊन त्या जिथल्या तिथे परत पाठवता येतील. व्यवस्था मला उत्तम वाटली. व्यापाऱ्यालाही मी सांगून टाकलं की नवा माल आहे. त्याने विश्वास ठेवला नाही, पण त्याच्या विश्वासाची कोणाला पडली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात काकूंच्या मुलीला मुलगी झाली. बारशाला आम्हा दोघांना बोलावणं आलं. घर माणसांनी भरलेलं, नागपूरचे व्याही, स्टार्टअपमधली पोरं, खालची शेजारीण ओवाळणीचं ताट घेऊन पुढे. बायको बायकांत मिसळली, मी नेहमीप्रमाणे कोपरा धरला. बाळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं तेव्हा त्याच्या मनगटावर सोन्याच्या बिंदल्या दिसल्या, काळे मणी घातलेल्या, एकदम नव्या. सोनाराच्या मुलाची नजर आपोआप जाते. सोन्याला किंचित हिरवट झाक होती, हल्लीच्या दुकानातल्या सोन्याला नसते तशी.

बाळ बायकोकडे देऊन मी स्वयंपाकघरात गेलो. काकू घुगऱ्या वाट्यांत भरत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की बिंदल्या कुठून केल्या. त्या हात न थांबवता म्हणाल्या, नगरथपेटेतल्या एका सोनाराकडून, त्या रिंगा मोडून. थोडं सोनं वरून घालावं लागलं. त्या समोर बसून होत्या. आटवताना सोनार कुरकुरत होता, म्हणाला, अक्का, या सोन्यात कसले खडे आहेत, माझी कानस बोथट होईल.

मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटत नाही. मला त्या बाईचा राग आला, मग माझा आला, आणि मग रडू आलं, स्वयंपाकघरात, हातात काहीच नसताना. सोनाराच्या घरात जन्मलो, आपल्याकडे दागिना मोडायला किती वेळ लागतो ते मला माहीत असायला हवं होतं. आयाळीतला एकेक केस पिळणारा तो माणूस आता एका तान्ह्या मुलीच्या मनगटावर होता आणि तो मी तिथे पोचवला होता. माझ्या दोन वाक्यांनी.

"काकू," मी कसाबसा म्हणालो, "यजमानांची आठवण होती ती. नव्या असल्या म्हणून काय झालं? मोडायच्या कशाला?"

त्यांनी डाव खाली ठेवला. बाहेर बायका नाव काय ठेवायचं यावर हसत होत्या. काकू माझ्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "बाहुलीबद्दल तुम्ही माझे पोहे गार होईपर्यंत बोललात. रिंगांबद्दल दोन वाक्यं, आणि तीही मान खाली घालून. मला काय कळत नाही?" मग त्यांनी बाहेर एकदा बघून घेतलं. "नव्या असत्या, तर यांची आठवण म्हणून जपून ठेवल्या असत्या मी."

त्यांनी घुगऱ्यांची एक वाटी माझ्या हातात दिली आणि ताट उचलून पाळण्याकडे गेल्या.